पाचशे साठ किलो

मोजमाप कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस. हे वाक्य मी चोविसाव्या वर्षी स्वतः रचलं, रंगाऱ्याकडून निळ्या अक्षरांत प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहून घेतलं, आणि पुढची दोन वर्षं त्याच्याच खाली खुर्ची टाकून काँक्रीटचे घन फुटायच्या आधी त्यांचे निकाल नोंदवहीत भरत बसलो. घन अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचा, असा नियम होता. मी सव्विसाव्या दिवशीच मोकळा होत असे. किती दाबाला त्याने फुटायला पाहिजे हे वरूनच ठरून आलेलं असल्यावर बिचाऱ्याला दोन दिवस ताटकळत ठेवण्यात काय हशील?

धरणाचं नाव सांगत नाही. ते अजून उभं आहे.

साल एकोणनव्वद. धरण नुकतंच पुरं झालं होतं, पण धरण बांधणारी माणसं वसाहतीतच राहिली होती. त्यांचे दोन भाग होते. डावा कालवा उपविभाग आणि उजवा कालवा उपविभाग. दोन्ही कालव्यांना पाणी एकाच धरणाचं, पण डाव्याचा माणूस उजव्याच्या टपरीवर चहा पीत नसे. हे वैर वर्षातून एकदा, एक मेला, रस्सीखेचीच्या मैदानावर निघे. पाच वर्षं उजवे जिंकत होते. त्यांच्याकडे ट्रक ड्रायव्हर होते, आणि बसून काम करणारा माणूस वजनाला बरा असतो.

त्या एप्रिलमध्ये घारपुरे नावाचे नवे कार्यकारी अभियंता आले. कॉलेजात त्यांनी गोळाफेक केली होती आणि तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. विश्रामगृहात दोन्ही उपविभागांची बैठक घेतली.

"संघ आठ जणांचा. आठांचं मिळून वजन पाचशे साठ किलो. त्याच्यावर एक ग्रॅम चालणार नाही."

उजव्या कालव्याचे हेडक्लार्क दुधाळ आण्णा उठले. उजव्यांचा संघ तेच निवडत. स्वतः मात्र दोराला कधी हात लावत नसत.

"साहेब, आमच्याकडं शर्यतीच्या बैलाचंसुद्धा वजन करत नाहीत."

"बैलांची बदली होत नसते, दुधाळ," घारपुरे साहेब म्हणाले. "बदलीचं निघालंच आहे तर सांगतो. वसाहतीत बारा माणसं जास्त ठरली आहेत. चारशे किलोमीटरवरच्या एका प्रकल्पावर त्यांची गरज आहे. कोण जाणार, कोण राहणार, ते कळेलच. पण जिंकणाऱ्या संघातल्या आठ जणांना मी हात लावणार नाही. हे तोंडी सांगतोय. लेखी मागू नका."

"मग वजन कोण करणार?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुणनियंत्रण प्रयोगशाळा ना डाव्यांची होती ना उजव्यांची, आणि वसाहतीतला माणूस उभा राहील एवढा काटा फक्त माझ्याकडे होता. शिवाय मी बी.एस्सी. होतो. फिजिक्स, सेकंड क्लास.

"काटा बरोबर आहे ना, आगाशे?" साहेबांनी विचारलं.

दोन वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. माझा ऊर भरून आला.

"तपासून घेतो, साहेब," मी म्हणालो.

आता हणमंतदाचं सांगायला हवं. हणमंत गलांडे डाव्या कालव्याच्या दरवाजावर चौकीदार होता. माझ्या खोलीला लागून त्याची खोली, आणि माझी संध्याकाळची भाकरी त्याच्या घरी. दोराच्या शेवटी, दोर अंगाभोवती घेऊन जो पाय रोवून उभा राहतो, तो डाव्यांचा शेवटचा गडी म्हणजे हणमंतदा. त्याच्या आईची, गयाबाईंची, दृष्टी सहा वर्षांपूर्वी गेली होती. पण त्या खोलीत त्या कुणाचा हात धरत नसत. चुलीपासून दार अकरा पावलं, दारापासून नळ सव्वीस, नळापासून देवळाची पायरी एकशे चाळीस. सगळं पाठ. एकदा मी त्यांची मापं टेपने तपासली होती. एका वितीचाही फरक निघाला नाही, आणि माझ्या प्रयोगशाळेबद्दल मला थोडं वाईट वाटलं होतं.

बैठकीहून येताना हणमंतदा एवढंच म्हणाला, "म्हातारी नव्या जागंत दोन दिस बी टिकायची न्हाई, भाऊसाहेब. भितीवर आपटून मरंल. ह्या खेपंला ओढायचंच."

तीस एप्रिलला सकाळी मी काटा तपासायला घेतला. खाली लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन, असा तो काटा होता. वैधमापन खात्याचा शिक्का असलेली वीस किलोंची तीन वजनं कपाटात कागदात गुंडाळून पडली होती. कागद जुन्या वर्तमानपत्राचा होता, तो काढून वाचला, आणि एक वजन फळीवर ठेवलं. काटा एकोणीस किलो आठशे म्हणाला. मी ते उतरवून परत ठेवलं. असं पाच वेळा केलं. चार वेळा एकोणीस आठशे आणि एकदा एकोणीस सातशे, पण त्या वेळी पंखा चालू होता. मग दोन वजनं मिळून एकोणचाळीस सहाशे. तीन मिळून एकोणसाठ चारशे. काटा शेकडा एक कमी दाखवत होता, आणि अगदी इमानाने दाखवत होता. कधी कमी, कधी जास्त असं नाही. घड्याळ दहा मिनिटं मागे असावं पण कधी अकरा होऊ नये, तसं.

मला जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. दोन वर्षांत प्रथमच माझ्यापुढे असा आकडा होता, जो आधी कुणी ठरवलेला नव्हता.

दहा वाजता दोन्ही संघ आले. एकेकाला फळीवर चढवलं.

"सरळ उभे राहा. कशाला धरू नका. खाली बघू नका."

"खाली बघून पोटाबिगर काय दिसतंय?" हणमंतदा म्हणाला.

डाव्यांची बेरीज पाचशे एकोणसाठ किलो पाचशे आली. उजव्यांची पाचशे अठ्ठावन्न. दोन्हीकडे हशा, टाळ्या. कुणी तरी तंबाखूची पिशवी काढली.

"थांबा," मी म्हणालो. "ही काट्याची वजनं झाली. खरी वजनं अजून काढायची आहेत."

फळ्यावर मी भागाकार करून दाखवला. डावे पाचशे पासष्ट किलो दीडशे. उजवे पाचशे त्रेसष्ट किलो सहाशे चाळीस. दोघेही बाद.

तंबाखूची पिशवी परत खिशात गेली. दुधाळ आण्णा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. माणूस शांत होता. तीस वर्षं सरकारी फायली वाचून आलेली शांती.

"भाऊसाहेब, काटा कमी दाखवतो. बरं. दोघांनाही कमीच दाखवतो ना?"

"हो."

"सारखाच कमी दाखवतो ना?"

"हो. शेकडा एक."

"मग भांडण कुणाचं हो? चूक दोघांची सारखी. तिचा काय उपद्रव आहे?"

"प्रश्न उपद्रवाचा नाही, आण्णा. प्रश्न पाचशे साठचा आहे."

"पाचशे साठ कुणी बघितलेत? तुम्ही बघितलेत?"

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. तुलना करायची तर दोन्हीकडची सारखी चूक कापली जाते, हे मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकलो होतो. पण सव्विसाव्या वर्षी माणसाला एकदा बरोबर असण्याची संधी मिळाली की तो ती अशी सहजासहजी सोडत नाही.

"उद्या सकाळी आठला फेरवजन," मी म्हणालो. भिंतीवरच्या निळ्या अक्षरांकडे मी बोटसुद्धा दाखवलं. सोळा माणसांनी ते वाक्य वाचलं आणि एकानेही माझ्याशी न बोलता दार गाठलं.

संध्याकाळी भाकरीला गेलो. नेहमीप्रमाणे पाटावर बसलो. हणमंतदाची बायको कौसल्यावहिनी वाढत होती, आणि तिने भाकरी ताटात ठेवली नाही, टाकली.

"भाऊसाहेब, पाच किलो म्हंजी केवढं हो?" हणमंतदाने विचारलं.

"पाण्याची अर्धी कळशी."

"ती आठ जणांत वाटून कमी करायची."

"किंवा तुम्ही बाहेर राहायचं," मी म्हणालो. "तुम्ही ब्याण्णव किलो आहात. तुमच्या जागी सत्त्याऐंशीच्या आतला कुणीही चालेल. हिशोबाने तेच सोपं आहे."

कौसल्यावहिनीने कालवणाची पळी पातेल्यात आपटली. हणमंतदाने हातातली भाकरी परत दुरडीत ठेवली.

"तुमी खावा," तो म्हणाला. "तुमचं वजन कोण बघतंय?"

मी खात राहिलो. कोपऱ्यातून गयाबाई बोलल्या, "आगाशा, चारशे किलोमीटर म्हंजी किती पावलं रं?"

मी मनात भागाकार केला. पाऊल पाऊण मीटर धरलं. "पाच लाख तेहतीस हजार, आजी. अंदाजे."

"आन् तितं गेल्यावर पुन्यांदा एकापासनं."

पण खोटं कशाला सांगू, माझा आत्मविश्वास त्यामुळे कमी झाला नाही. उद्या पाचशे साठ भरले की सगळं ठीक होणार होतं. हणमंतदा ओढणार, डावे जिंकणार, म्हातारी राहणार. आणि तेही बिनचूक मापाने.

एक मेला पहाटे फटफटताच सोळा माणसं धरणाच्या भिंतीवरून पळत होती. स्वेटर, त्यावर कांबळं, त्यावर रेनकोट. मे महिन्यात. उजव्यांचे ड्रायव्हर चिंच चघळून भिंतीवरून जलाशयात थुंकत होते, म्हणजे अंगातलं पाणी कमी होईल. डाव्यांपैकी चौघांनी नाभिकाला बोलावून डोकी भादरून घेतली. ते केस कागदात बांधून माझ्याकडे आणण्यात आले. मी छोट्या तराजूत वजन केलं. चौघांचे मिळून दोनशे दहा ग्रॅम.

"एवढंच?" एक मुंडण झालेला चौकीदार म्हणाला. "बाप गेला त्या टायमाला बी क्यास ठेवलं व्हतं ओ मी."

आठ वाजता फेरवजन झालं. काट्यावर डावे पाचशे चोपन्न किलो चारशे. भागाकार केला. पाचशे साठ. वर शून्य ग्रॅम, खाली शून्य ग्रॅम. उजवे भागाकारानंतर पाचशे एकोणसाठ किलो नऊशे. मी नोंदवहीत आकडे लिहिले आणि खाली लपेटदार सही ठोकली. हणमंतदा एका रात्रीत तीन किलोंनी उतरला होता. फळीवरून खाली आला तेव्हा त्याने भिंतीला हात लावला.

"बरं आहे ना?" मी विचारलं.

"पाचशे साठ हाय न्हवं?"

"अगदी बरोबर पाचशे साठ."

"मग बरंच हाय."

दहा वाजता मैदान भरलं. दोर दरवाजांच्या भांडारातला होता. हाताच्या मनगटाएवढा जाड आणि गरजेपेक्षा बराच लांब. दोन्ही शेवटच्या गड्यांच्या मागे त्याची शेपटं मातीवरून सरळ आपापल्या बाजूच्या गर्दीत गेली होती. डावीकडे बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, त्यात कौसल्यावहिनी पुढे. उजवीकडे दुधाळ आण्णा आपली माणसं घेऊन एका बाभळीखाली उभे होते. दोराच्या मधोमध लाल रुमाल. मी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर, तांत्रिक अधिकारी या नात्याने.

शिट्टी झाली. दोर ताणला गेला, रुमाल एकदा थरथरला आणि उभा राहिला.

एक मिनिट. दोन. तीन. रुमाल बोटभरही हलला नाही. गर्दी आधी ओरडली, मग थकली, मग नुसती बघत राहिली.

"हे काय आहे, आगाशे?" साहेबांनी विचारलं.

ज्या क्षणासाठी मी बी.एस्सी. केलं होतं तो हा. मी उभा राहिलो.

"साहेब, हा समतोल आहे. पाचशे साठ विरुद्ध पाचशे एकोणसाठ किलो नऊशे. माती दोन्हीकडे सारखी, पाय दोन्हीकडे अनवाणी. दोन बलं सारखी आणि उलट दिशेला. निव्वळ बल शून्य. निव्वळ बल शून्य असलं की वस्तू हलत नाही."

"आणि तो शंभर ग्रॅमचा फरक?"

"तो घर्षणात जातो, साहेब."

साहेब रुमालाकडे एकटक बघू लागले. चेहऱ्यावर तेच भाव, जे मोठ्या देवळात गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतात. सातव्या मिनिटाला डाव्यांतल्या एका मुंडणवाल्याने एक हात सोडून घाम पुसला. रुमाल हलला नाही. नवव्या मिनिटाला उजव्यांच्या एका ड्रायव्हरने दोन्ही हात सोडून पायातला काटा काढला. रुमाल हलला नाही. ते पाहून मला काय वाटलं असेल? मला वाटलं, किती नाजूक समतोल आहे हा! मी तसं साहेबांना बोलूनही दाखवलं.

अकराव्या मिनिटाला साहेबांनी शिट्टी मारली.

"बरोबरी!" ते माईकवरून म्हणाले. "दोन्ही संघ विजयी. मी शब्द पाळणार. ह्या सोळांपैकी एकाही माणसाला हात लागणार नाही. आणि ज्यांच्या अचूक मापामुळे हा चमत्कार आपल्याला बघायला मिळाला, त्या आगाशेंना हा नारळ."

मी नारळ घेतला. डावे आणि उजवे गळ्यात गळे घालून नाचले. त्या दिवशी डाव्यांनी उजव्यांच्या टपरीवर चहा घेतल्याचं सांगतात.

दुपारी दोर भांडारात जमा करायचा होता. जमा करताना लांबी मोजून लिहावी लागे. मी टेप घेऊन बसलो. एका टोकाला हात लावला तर बोटांना चुना लागला. पांढरा, ताजा, मे दिनाच्या रंगरंगोटीचा. दुसऱ्या टोकाला हात लावला तर चिकटला. डिंक. त्यात बाभळीच्या सालीचा एक कपचा.

मी दोर तसाच टाकून हणमंतदाच्या घरी गेलो. तो अंगणात बसून भाकरी खात होता. चौथी असावी.

"हणमंतदा, दोराला चुना कुठून लागला?"

"कालव्याच्या मैलाच्या दगडाला असतोय चुना."

"मैलाचा दगड दोराजवळ आला कसा?"

"त्यो न्हाई आला. दोर गेला." त्याने घास गिळला. "कौशीनं गाठ मारली. चार बायका म्होरं बसल्या. पाच किलो तुमी काढून घेतलंत, भाऊसाहेब. ते कुठनं तरी भरून काढाय नको?"

मी त्याला डिंक लागलेलं बोट दाखवलं.

"ह्ये काय?"

"बाभूळ. उजव्यांच्या बाजूला."

त्याने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग भाकरी खाली ठेवून तो असा हसला की कौसल्यावहिनी पदर सावरत बाहेर आली.

"अगं, तिकडं बी बांधलं व्हतं! म्हंजी दगूड आन् बाभूळ ओढत व्हती व्हय! आमी आपला उगंच घाम गाळला!"

"मला अहवाल द्यायचाय," मी म्हणालो. "साहेबांनी तांत्रिक अहवाल मागितलाय."

हसणं थांबलं. आतून पावलं आली. अकरा. गयाबाई दारात उभ्या राहिल्या.

"आगाशा, मग आता जायाचं न्हाई न्हवं आमाला?"

त्यांचे डोळे माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे कुठे तरी बघत होते. हणमंतदा खाली बघत होता. ह्या वेळी पोटाशिवाय बरंच काही दिसत असावं.

"नाही, आजी," मी म्हणालो.

खोलीवर येऊन अहवाल लिहिला. दोन्ही संघांची वजनं अमुक. काट्यातली त्रुटी अमुक, तिची दुरुस्ती अमुक. शिट्टीपासून अकरा मिनिटं रुमाल स्थिर. कारण, दोराच्या दोन्ही टोकांना लागलेली बलं समान व विरुद्ध. निव्वळ बल शून्य. पुन्हा पुन्हा वाचून पाहिला. एकही शब्द खोटा नव्हता. त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला असा तो पहिलाच कागद.

साहेबांनी त्यावर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला.

सहा जूनला बदल्यांची यादी आली. साहेबांनी शब्द पाळला होता. दोर ओढणाऱ्या सोळांपैकी एकही नाव तीत नव्हतं. चौकीदार नव्हते, ड्रायव्हर नव्हते, कालव्यावरचं कुणीच नव्हतं. बाराच्या बारा कार्यालयातली माणसं होती. कारकून, नकाशे काढणारे अनुरेखक, पहिल्या नंबरला दुधाळ आण्णा, तिसऱ्या नंबरला मी. पुढची चार वर्षं आम्ही दोघे चारशे किलोमीटरवर एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो.

"भाऊसाहेब, तारीख बघितली का?" यादी माझ्यापुढे सरकवत आण्णा म्हणाले होते.

मी बघितली. साहेबांची सही एकोणीस एप्रिलची होती. विश्रामगृहातली बैठक बावीसला झाली होती.